पर्यटन व्यवस्थापनाची पदवी आणि मराठी प्रवासलेखन : एक चिकित्सा

प्रास्ताविक

पर्यटन व्यवस्थापन हा विषय आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांत प्रामुख्याने वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेच्या छायेखाली शिकविला जातो. बी.बी.ए. अथवा एम.बी.ए. या पदवीपुढे कंसात ‘पर्यटन’ हा शब्द आला की तिच्या स्वरूपाविषयी फारशी चर्चा होत नाही. ही व्यवसायाची पदवी आहे, तीत विपणन, वित्त, मनुष्यबळ आणि सेवा-गुणवत्ता शिकवायची, एवढे गृहीत धरलेले असते. या शिक्षणाला शासकीय पार्श्वभूमीही आहे. १९४५ मध्ये सार्जंट समितीची नियुक्ती झाली, १९६६ मध्ये भारतीय पर्यटन विकास महामंडळ आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. १९८३ मध्ये केंद्र शासनाने पर्यटन व प्रवास व्यवस्थापनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था काढली. त्याच वर्षी अजिंठा व वेरूळ येथील लेणी जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. या लेण्यांच्या परिसरातील, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादमधील व आजच्या छत्रपती संभाजीनगरमधील विद्यापीठात पुढे पर्यटन प्रशासनाचा स्वतंत्र विभागही उभा राहिला. विषयाला संस्था मिळाल्या, पदव्या मिळाल्या, विद्यार्थीही मिळाले.

या पदवीसाठी येणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्या गावची जत्रा, घरातील एखाद्याची वारी, तीर्थाच्या ठिकाणी पिढ्यानपिढ्या चालत आलेला उपाध्याय, कोकणात उन्हाळ्यात उतरणारे मुंबईकर हे सर्व त्याने पाहिलेले असते. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने मात्र हे ज्ञान शून्य धरले जाते. या व्यवहारांची सविस्तर नोंद मराठी प्रवासलेखनात उपलब्ध असूनही पर्यटन व्यवस्थापनाच्या पदवीने ती वाचलेली नाही. मराठी विभागांनी ती वाचली, परंतु तिच्यातील व्यवहार वगळून वाचली. प्रस्तुत लेखात या दुहेरी वगळण्याची चिकित्सा केली आहे.

पाठ्यपुस्तकातील आरंभ

पर्यटनाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांचा आरंभ थॉमस कुकपासून होतो. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसे एक शिलिंग दराने रेल्वेने नेली, ही घटना आधुनिक सहलव्यवसायाचा जन्म म्हणून सांगितली जाते. ही माणसे कशासाठी निघाली होती, हा तपशील मात्र पुष्कळदा एका वाक्यात उरकला जातो. कुक हा मद्यपानबंदीचा प्रचारक होता आणि सहल मद्यपानविरोधी मेळाव्याला जात होती. आधुनिक पर्यटनव्यवसायाच्या मुळाशीच एका श्रद्धेने बांधलेला समूह, ठरलेला दिवस, सामुदायिक प्रवास आणि सवलतीचे भाडे होते. आषाढी वारीसाठी आळंदीहून निघणाऱ्या माणसाला यातील कोणतीही गोष्ट परकी वाटणार नाही. तरीही पाठ्यपुस्तकात कुक ‘उद्योजक’ म्हणून येतो आणि वारकरी आला तर ‘धार्मिक पर्यटन’ या प्रकरणातील एका उपप्रकारात येतो. कुकची ब्रिटिश कंपनी सप्टेंबर २०१९ मध्ये बुडाली आणि परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना सरकारला परत आणावे लागले. हा शेवट आरंभाइतक्या आवडीने सांगितला जात नाही. व्यवसायाच्या पदवीला व्यवसाय बुडण्याची गोष्ट अधिक उपयोगी पडावी, असे कोणालाही वाटेल.

अभ्यासक्रमातील सिद्धान्त टाकाऊ आहेत, असे या मांडणीतून सुचवायचे नाही. बटलरने १९८० मध्ये मांडलेले पर्यटनस्थळाचे जीवनचक्र आणि डॉक्सीने १९७५ मध्ये मांडलेली स्थानिकांच्या चिडीची चढती श्रेणी या दोन्ही कल्पना मोलाच्या आहेत. पाहुण्यांच्या आगमनाने प्रथम हर्ष, मग उदासीनता, मग त्रास आणि अखेर वैर, असे डॉक्सीचे चार टप्पे आहेत. ज्याने सुटीच्या दिवशी लोणावळ्याच्या रस्त्यावरील वाहनांची रांग आणि तेथील रहिवाशांचे चेहरे पाहिले आहेत, त्याला हे टप्पे समजावून सांगावे लागत नाहीत. दोष शिकविण्याच्या रीतीत आहे. चार टप्पे हे चार गुणांचे उत्तर होते. आपल्या तालुक्यातील अमुक गाव कोणत्या टप्प्यावर आहे आणि ते तेथे कोणामुळे आले, हे विद्यार्थ्याला विचारले जात नाही. विचारले तर त्याला गावात जाऊन बसावे लागेल, मराठीत बोलावे लागेल आणि जे ऐकले ते मराठीत लिहावे लागेल. इंग्रजीत लिहिल्या जाणाऱ्या प्रकल्प अहवालात यांपैकी कशालाच जागा नसते.

भिक्षुकाचा ताळेबंद

या पार्श्वभूमीवर विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने वाचून पाहण्यासारखा आहे. पेणजवळील वरसईचे हे भिक्षुक. घरात दारिद्र्य, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून त्यात विपुल दानधर्म होणार, ही वार्ता कानी येते आणि ते चुलत्यांबरोबर १८५७ मध्ये उत्तरेस निघतात. महूजवळ त्यांना पलटणीतील शिपायांकडून येऊ घातलेल्या बंडाची कुणकुण लागते. यज्ञाचा बेत बाजूला राहतो आणि हा ब्राह्मण बंडाच्या वावटळीत सापडतो. झाशीच्या वेढ्यात तो शहरात असतो आणि इंग्रज फौजेने केलेली कत्तल व लूट डोळ्यांनी पाहतो. मिळविलेली दक्षिणा लुटीत जाते. पुन्हा मिळते, पुन्हा जाते. अखेर तो गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परततो आणि आईवडिलांना गंगास्नान घालतो. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिलेले हे वृत्त लेखकाच्या हयातीनंतर, १९०७ मध्ये वैद्यांनी संपादित करून प्रसिद्ध केले. त्यांनी केलेले फेरफार दूर सारून मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये प्रकाशात आणली.

मराठी समीक्षेने या ग्रंथाकडे १८५७ च्या उठावाचे प्रत्यक्षदर्शी साधन म्हणून पाहिले, तसेच आद्य प्रवासवर्णनांपैकी एक म्हणूनही पाहिले. भाषा, निवेदनाची सहजता आणि झाशीच्या राणीचे चित्रण यांविषयी भरपूर लिहिले गेले. ग्रंथाचे प्रेरक कारण मात्र निखळ आर्थिक आहे, या गोष्टीवर अभ्यासक फार रेंगाळलेले दिसत नाहीत. गोडसे देशाटनाच्या हौसेने निघालेले नाहीत. घरचे कर्ज फिटावे म्हणून ते निघाले आहेत. कोणत्या गावी कोण दाता आहे, कोणता विधी कोठे चालू आहे, मुक्काम कोणाच्या घरी मिळेल, दक्षिणा किती पडेल, रक्कम अंगावर कशी लपवावी, पुढची वाट सुरक्षित आहे की नाही आणि ही माहिती कोणावर विश्वास ठेवून घ्यावी, या प्रश्नांनी ग्रंथाची पाने भरलेली आहेत. पर्यटन व्यवस्थापनात ‘जोखीम’ या विषयावर स्वतंत्र घटक असतो. त्या घटकासाठी मराठीत यापेक्षा जिवंत पाठ सापडणे कठीण आहे. यात अफवा वाटेवर कशी पसरते ते दिसते, राजसत्ता कोसळताच धर्मशाळा, अन्नछत्र आणि दाते यांची साखळी कशी तुटते ते दिसते आणि ज्याच्यापाशी फक्त विद्या व ओळख आहे तो प्रवासी कसा तगून राहतो तेही दिसते.

येथे एका वेगळ्या लेखकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. गंगाधर गाडगीळ हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मुंबईतील एका वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. ‘साता समुद्रापलीकडे’ हे त्यांचे प्रवासवर्णन मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने लिहिलेले प्रवासवर्णन वाणिज्य शाखेतील पर्यटनाच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचू नये, हा विद्याशाखांमधील भिंतींचा बोलका नमुना होय.

वाटेवरची तक्रार

सेवा-गुणवत्ता हा पर्यटनाच्या पदवीतील लाडका विषय आहे. परशुरामन, झाइथॅमल आणि बेरी यांनी १९८५ मध्ये सेवेतील तफावतींची मांडणी केली आणि १९८८ मध्ये बावीस विधानांची ‘सर्व्हक्वाल’ ही मोजपट्टी दिली. ग्राहकाची अपेक्षा आणि त्याला आलेला अनुभव यांतील अंतर मोजण्याचे हे साधन असून त्यावर आधारलेल्या प्रश्नावल्या देशभरातील विद्यार्थी हॉटेलांच्या स्वागतकक्षांत भरून घेत असतात. बहुतेक प्रकल्पांचा निष्कर्ष एकच असतो : ग्राहक सामान्यतः समाधानी आहेत, तथापि सुधारणेस वाव आहे. हा निष्कर्ष काढण्यासाठी स्वागतकक्षात जाण्याचीही गरज नसावी.

आता ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यातील तक्रारनिवारणाची पद्धत पाहावी. हा सोहळा आजच्या शिस्तीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी बांधला. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर, रथापुढे व रथामागे क्रमांकाने चालणाऱ्या दिंड्या, प्रत्येक दिंडीची जागा, मुक्काम आणि मान ठरलेला. संध्याकाळी तळावर समाज आरती होते. पालखीभोवती दिंड्या जमतात, टाळमृदंगांचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात हजारोंचा तो समूह शांत होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ थांबवीत नाही. सर्व शांततेत त्या एकाच दिंडीचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिच्यापाशी जातो, तक्रार ऐकली जाते, तिचा निवाडा होतो आणि मगच ते टाळ थांबतात. हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची घोषणाही याच वेळी होते. त्यानंतर आरती.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने या पद्धतीतील प्रत्येक बाब विचार करायला लावणारी आहे. येथे तक्रार गुप्त पेटीत पडत नाही, ती सर्वांना ऐकू येते. तक्रार करणाऱ्याला कागद, भाषा किंवा हुद्दा लागत नाही, हातातले टाळ पुरेसे असतात. निवाडा होईपर्यंत सर्वांचा कार्यक्रम थांबून राहतो, म्हणून तो लवकर करण्याची गरज प्रमुखांनाही वाटते. सर्व्हक्वालमध्ये ‘तत्परता’ नावाचा निकष आहे. या निकषासाठी वारीपेक्षा समर्पक उदाहरण वर्गात देता येणार नाही, आणि वर्गातील किमान दोन-चार विद्यार्थ्यांनी ते स्वतः पाहिलेले किंवा घरी ऐकलेले असण्याचा संभव आहे.

तथापि वारीचा असा उल्लेख झाला की लेखन गौरवाकडे घसरू लागते. या घसरणीवर उतारा इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखात आहे. ‘परिपूर्ती’मधील हा लेख १९६२ मध्ये इंग्रजीतही प्रसिद्ध झाला व परदेशी अभ्यासकांनी आवर्जून वाचला. मानववंशशास्त्राची ही अभ्यासक दिंडीबरोबर पायी चालली. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या लोकांवरून महाराष्ट्राची ओळख पटते, या त्यांच्या प्रतिपादनाचा उल्लेख वारंवार होतो. त्याच लेखात त्यांनी दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या पंगती वेगळ्या बसतात, हेही नोंदविले आहे. एकत्र गाणारी माणसे एकत्र जेवत नाहीत, याचे दुःख त्यांनी लपविलेले नाही. मेनंतर जूनची तयारी करणाऱ्या पर्यटनाच्या प्राध्यापकांनी हा लेख ‘सहभागी निरीक्षण’ या संशोधनपद्धतीचा नमुना म्हणून वर्गात घेतला, तर प्रश्नावलीच्या पलीकडेही संशोधन असते हे विद्यार्थ्यांना एका तासात समजेल. शिवाय संशोधक ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्याविषयीही अप्रिय तथ्य कसे सांगतो, हे त्यांना पाहता येईल. पर्यटनविभागांच्या प्रसिद्धीपत्रकांच्या भाषेत वाढणाऱ्या विद्यार्थ्याला याची नितांत आवश्यकता आहे.

‘यजमान’ या शब्दाचे दोन अर्थ

पर्यटनशास्त्रात यजमान व पाहुणे यांच्या संबंधावर मोठे लेखन झालेले आहे. व्हॅलेन स्मिथ यांनी संपादित केलेला १९७७ चा ग्रंथ याच दोन शब्दांच्या नावाने ओळखला जातो. मराठीत या चर्चेला एक वेगळेच वळण मिळू शकते. घरी आलेल्याचे आदरातिथ्य करणारा तो यजमान, हा एक अर्थ. धार्मिक विधी ज्याच्यासाठी होतो आणि दक्षिणा जो देतो तो यजमान, हा दुसरा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथे बाहेरगावाहून येणारा यात्रेकरू हा तीर्थोपाध्यायाचा यजमान असतो. उपाध्यायाकडे त्याच्या कुळाची वही असते. गाव, आडनाव, पूर्वी कोण येऊन गेले, कधी आले, याची नोंद तीत असते. यात्रेकरू उतरतो उपाध्यायाच्या वाड्यात, जेवतो त्याच्या ओसरीवर, आणि तरीही ‘यजमान’ तोच. पाहुणाच यजमान ठरवून त्याच्यावर देण्याचे कर्तव्य टाकणारी ही रचना आहे. ग्राहक-संबंध व्यवस्थापन या नावाखाली संगणकावर जे शिकविले जाते त्याचे पूर्वरूप या वह्यांत आहे. फरक असा की उपाध्याय विकू पाहत असलेली सेवा आणि यात्रेकरूचे कुलवृत्त एकाच पानावर लिहिलेले असते.

ही रचना निर्मळ होती, असे मानण्याचे कारण नाही. वहीत कोणाचे कूळ होते आणि कोणाचे नव्हते, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपविणारा कायदा १९७३ मध्ये झाला आणि त्यावरील न्यायालयीन झगडा २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. धार्मिक पर्यटनावरील घटकात ‘भाविकांची वाढती संख्या’ येते आणि हा चाळीस वर्षांचा वाद येत नाही. देवस्थानाचे व्यवस्थापन कोणाच्या हाती असावे, उत्पन्नावर कोणाचा हक्क, सेवेची गुणवत्ता कोणाला विचारायची, या व्यवसायाच्या दृष्टीने अत्यंत मूलभूत अशा प्रश्नांवर तो लढला गेला होता.

श्रम करणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडते. माथेरानचे उदाहरण घ्यावे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी हे स्थान हेरले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी सुरू झाली आणि २००३ मध्ये ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाले. वाहनबंदीमुळे तेथील हवा स्वच्छ राहिली. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत हे शाश्वत पर्यटनाचे यश. त्या यशाची किंमत हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या छातीने मोजली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरविली आणि सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आदेश दिला. ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचा मार्गही न्यायालयाने दाखविला. ‘शाश्वत’ या शब्दाची व्याख्या लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने हा निकाल वाचलेला असावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

आक्षेप आणि वेळापत्रक

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. सहल कंपन्यांना आरक्षणप्रणाली हाताळणारा, भाडे काढणारा, व्हिसाचे कागद लावणारा आणि इंग्रजीत बोलणारा उमेदवार हवा असतो. गोडसे भटजी वाचलेला नको असतो. कर्ज काढून शुल्क भरणाऱ्या पालकाला नोकरीची चिंता असणार, आणि त्याला तुच्छ लेखणे प्राध्यापकवर्गाला शोभणारे नाही. तथापि तिकीट व खोली यांचे आरक्षण प्रवासी आता स्वतःच भ्रमणध्वनीवर करतो. खिडकीवरच्या कामासाठी तयार केलेला पदवीधर पदवी हाती पडेपर्यंत खिडकीच उरलेली नाही असे पाहतो. ज्या गोष्टी प्रवाशाला यंत्रावर मिळत नाहीत त्या माणसाकडून अपेक्षित असतात. वाट कोणती सुरक्षित, गावाने कोणत्या दिवशी पाहुणा नको म्हटले आहे, कोणती जागा दाखवू नये, कोणती गोष्ट सांगताना आवाज खाली आणावा, हे ठरविण्याची समज त्याच्याकडे असावी लागते. तीर्थाच्या, गडाच्या किंवा लेण्यांच्या वाटेवर हे संभाषण बहुतांशी मराठीतच होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या श्रेयांक आराखड्यात भारतीय ज्ञानप्रणाली, क्षमतावर्धन, क्षेत्रप्रकल्प व कार्यप्रशिक्षण अशा जागा निर्माण झाल्या आहेत. भारतीय ज्ञानप्रणालीची श्रेयांके अनेकदा प्राचीन ग्रंथांच्या नामावळीत खर्ची पडतात. तीर्थोपाध्यायाची वही किंवा समाज आरती हीही ज्ञानप्रणाली आहे आणि ती हयात आहे, याचे भान अद्याप आलेले नाही. क्षमतावर्धनाच्या मराठीत ‘माझा प्रवास’मधील निवडक पाने आणि ‘वाटचाल’ ठेवण्यास कोणत्याही परवानगीची आवश्यकता नाही. मराठी व पर्यटन या दोन विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्र बसणे तेवढे आवश्यक आहे, आणि बहुतेक महाविद्यालयांत या दोन विभागांच्या खोल्या एकाच मजल्यावर असतात.

अडचण प्रत्यक्षात वेळापत्रकाची आहे. पालखी जून-जुलैत चालते. तेव्हा प्रथम वर्षाची प्रवेशप्रक्रिया चालू असते, द्वितीय व तृतीय वर्षाचे वर्ग नुकतेच भरत असतात आणि शिक्षकवर्ग प्रवेशसमितीत गुंतलेला असतो. क्षेत्रप्रकल्प दुसऱ्या सत्रात, जानेवारी-फेब्रुवारीत ठेवला जातो. त्या महिन्यांत सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण या वाटेवर पालखीचे चिन्ह उरलेले नसते. प्रकल्प पहिल्या सत्रात आणून विद्यार्थ्यांच्या गटाला तळाच्या एखाद्या गावी तीन दिवस ठेवता येईल : पालखी येण्याच्या आदल्या दिवशी, मुक्कामाच्या दिवशी आणि पालखी पुढे गेल्यानंतरच्या दिवशी. तिसऱ्या दिवशी गावात कचरा कोण उचलतो, पाण्याच्या टाकीची स्थिती काय असते, कोणाच्या घरी चार पैसे आले आणि कोणाच्या शेताचा बांध तुटला, याची नोंद त्यांनी मराठीत करावी. डॉक्सीचे चार टप्पे त्या नोंदवहीत शोधावेत. सापडले नाहीत तर तसे लिहावे.